संगणकांच्या अपडेटची सामुदायिक व्यवस्था

वसतिगृहात ज्यांनी वर्षे काढली, त्यांना खरजेचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. एका मुलाच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुरू होते आणि महिन्याभरात सारी खोली खाजवू लागते. ज्याला खाज सुटली त्या एकट्यालाच औषध लावले, तर तो बरा होतो खरा. पण थोड्याच दिवसांत शेजारच्या अंथरुणातून तीच खरूज पुन्हा घेऊन येतो. म्हणून जाणते अधीक्षक एक दिवस ठरवतात. त्या दिवशी खाजणाऱ्या आणि न खाजणाऱ्या सर्वच मुलांना मानेपासून तळपायापर्यंत औषध लावले जाते, कपडे व चादरी उकळून उन्हात टाकल्या जातात आणि हजेरीपटावर प्रत्येक नावापुढे खूण केली जाते. घरी गेलेला मुलगा परतला की त्याच्यासाठी हाच विधी पुन्हा होतो. औषधाच्या त्या उग्र वासाबद्दल कोणी कितीही कुरकुर केली, तरी त्यातून कोणाला सूट नसते.

कार्यालयातील संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट हा नेमका असाच विषय आहे. आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज जालन्याच्या सळई कारखान्यांत, बियाणे कंपन्यांत, पतसंस्थांत, रुग्णालयांत आणि शासकीय कार्यालयांत संगणकासमोर बसतात. काहींचे स्वतःचे छोटे व्यवसाय उभे राहिले आहेत. यांपैकी बहुतेक ठिकाणी अपडेट ही ज्याच्या त्याच्या मर्जीची बाब मानली जाते. पडद्याच्या कोपऱ्यात सूचना येते, काम खोळंबू नये म्हणून माणूस ‘नंतर आठवण करा’ यावर बोट ठेवतो आणि तो ‘नंतर’ कधीच येत नाही. यात त्या माणसाचा आळस थोडा आणि व्यवस्थेचा अभाव जास्त असतो, असे माझे मत आहे. हजेरीपट कोणाच्याच हाती नसेल, तर औषध कोणाला लागले आणि कोणाला राहिले हे कळणार कसे?

प्रथम अपडेट म्हणजे काय ते पाहू. ऑपरेटिंग सिस्टीम ही कोट्यवधी ओळींची आज्ञावली असते आणि ती माणसांनी लिहिलेली असते. तिच्यात चुका राहतात. काही चुकांमुळे केवळ गैरसोय होते. काही चुकांमुळे मात्र परक्याला आत शिरण्याइतकी फट उरते. अशी फट सापडली की निर्माती कंपनी ती बुजवणारी दुरुस्ती पाठवते. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून यासाठी महिन्यातला दुसरा मंगळवार ठरवला आहे. अमेरिकेतील सकाळ ती आपल्याकडची रात्र, त्यामुळे आपल्या कार्यालयांपर्यंत ही दुरुस्ती प्रत्यक्षात बुधवारी सकाळी पोहोचते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. दुरुस्ती जाहीर होते त्याच क्षणी फट कोठे होती हेही जगजाहीर होते. जुनी आणि नवी आज्ञावली शेजारी ठेवून पाहणाऱ्या जाणकार चोराला पत्ता आयताच मिळतो. म्हणजे दुरुस्ती येण्यापूर्वी जो संगणक थोडा असुरक्षित होता, तो दुरुस्ती आल्यानंतर ती न घेतल्यास अधिकच असुरक्षित होतो. ‘इतके दिवस काही झाले नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे.

याचा मोठा दाखला २०१७ सालचा आहे. विंडोजमध्ये संगणकांनी एकमेकांच्या फाइली पाहाव्यात यासाठी जी जुनी व्यवस्था होती, तिच्यात एक फट होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला ती ठाऊक होती आणि तिच्यातून शिरण्याचे ‘इटर्नलब्ल्यू’ नावाचे हत्यार त्या संस्थेने गुपचूप बनवून ठेवले होते. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने फट बुजवणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली. १४ एप्रिलला ते हत्यार चोरांच्या एका टोळीने उघड्यावर मांडले. १२ मे रोजी, म्हणजे दुरुस्ती आल्यानंतर तब्बल ५९ दिवसांनी, ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवरच्या फाइली त्याने कुलूपबंद केल्या. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. आपल्या देशात आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणक अडकले. बाधित संगणकांपैकी बहुतांश विंडोज ७ चे होते, म्हणजे ज्यांच्यासाठी औषध दोन महिन्यांपूर्वीच तयार होते असे.

त्यानंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, हाच प्रकार आपल्या दारापर्यंत आला. ‘नॉटपेट्या’ नावाच्या विषाणूने मेर्स्क या जहाजवाहतूक समूहाचे जगभरातील संगणक निकामी केले आणि त्यात न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनलही सापडले. कोणता कंटेनर कोठे ठेवला आहे, कोणता जहाजावर चढवायचा आणि कोणत्या ट्रकला द्यायचा, याची सारी माहिती संगणकात होती. ती दिसेनाशी झाल्यावर काम हाताने करण्याची वेळ आली, कंटेनर साचू लागले आणि खोळंबलेल्या वाहनांसाठी जागेची व्यवस्था पाहावी लागली. जालन्यापासून न्हावा शेवा सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. पण ज्या बंदराच्या पुढाकाराने डिसेंबर २०१५ मध्ये जालन्याजवळ ड्राय पोर्टची पायाभरणी झाली, ते हेच बंदर. मराठवाड्यातून परदेशी जाणाऱ्या मालाची वाट तेथूनच जाते. मेर्स्कला पुढे दहा दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर्सच्या घरात असल्याचे सांगितले.

नॉटपेट्याच्या हकिगतीत दोन गुंतागुंती आहेत, आणि त्या सांगितल्या नाहीत तर वाचकाची दिशाभूल होईल. पहिली ही की, तो विषाणू युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये लपून आला होता. विषाची पुडी औषधाच्याच बाटलीतून आली! दुसरी ही की, आत शिरल्यावर तो केवळ इटर्नलब्ल्यूवर विसंबून राहिला नाही. एका संगणकाच्या स्मृतीतून त्याने पासवर्ड उचलले आणि त्यांच्या आधारे तो शेजारच्या संगणकांवर गेला. त्यामुळे ज्यांना दुरुस्ती मिळालेली होती असे संगणकही बळी पडले. बहुतेक कार्यालयांत सोयीसाठी सर्व संगणकांना एकच पासवर्ड ठेवलेला असतो, तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेलाही असतो. अपडेटची व्यवस्था कितीही चोख केली तरी ही सवय मोडल्याशिवाय तिचा उपयोग अर्धाच होईल.

आता केंद्रीय व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू. एका कार्यालयात ४० संगणक आहेत असे धरा. महिन्याचे एक अपडेट ६०० एमबीचे असेल आणि इंटरनेटचा वेग २० एमबीपीएस असेल, तर एका संगणकाला ते उतरवून घेण्यास ४ मिनिटे लागतात. चाळीसही संगणकांनी ते स्वतंत्रपणे उतरवायचे म्हटले, तर २४ जीबी होतात आणि पूर्ण जोडणी २ तास ४० मिनिटे दुसऱ्या कशालाही उरत नाही. ई-वे बिल निघत नाही, बँकेचे पान उघडत नाही, आणि मग कोणीतरी वैतागून सर्वांचेच अपडेट कायमचे बंद करून टाकतो. त्याऐवजी एका सर्व्हरने ते एकदाच उतरवून घ्यावे आणि बाकीच्यांनी कार्यालयातल्या कार्यालयात त्याच्याकडून घ्यावे, ही मूळ कल्पना. विंडोजसाठी ही सोय करणाऱ्या सर्व्हरला ‘विंडोज सर्व्हर अपडेट सर्व्हिसेस’, संक्षेपाने डब्ल्यूएसयूएस, म्हणतात. २००५ पासून तो या नावाने प्रचलित आहे. कार्यालयातील संगणक एका ‘डोमेन’खाली नोंदवलेले असतात. ‘ग्रुप पॉलिसी’ या नियमावलीतून प्रत्येकाला एकदाच सांगितले जाते की, अपडेटसाठी बाहेर जाऊ नकोस, या सर्व्हरला विचार. सर्व्हरवर संगणकांचे गट पाडता येतात आणि कोणत्या गटाला कोणती दुरुस्ती कधी द्यायची हे व्यवस्थापक ठरवतो.

इंटरनेटची बचत हा वरवरचा लाभ झाला. खरा लाभ ‘आधी कोणाला’ हे ठरवता येण्यात आहे. दुरुस्तीसुद्धा कधीकधी बिघाड घेऊन येते. १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांवर निळा पडदा आला. मुंबई विमानतळावर प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली आणि हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासची छायाचित्रे सर्वत्र फिरली. कंपनीने ७८ मिनिटांत ती फाइल मागे घेतली. पण तोवर ती सगळीकडे एकदमच पोहोचली होती आणि बंद पडलेला संगणक बहुतेक ठिकाणी माणसाने जवळ जाऊनच उठवावा लागला. ते अपडेट विंडोजचे नव्हते, तरी धडा तोच. आधी चार-पाच संगणकांना द्यावे, तीन-चार दिवस पाहावे, मग विसांना, मग उरलेल्यांना.

हे पहिले चार-पाच संगणक कोणते निवडायचे यात व्यवस्थापकाची खरी पारख होते. बरेच जण अडगळीतला, कोणी न वापरणारा संगणक चाचणीला लावतात. त्यावर काहीच बिघडत नाही, कारण त्यावर काहीच चालत नाही. चाचणीच्या गटात एक हिशेबाचा टॅलीवाला संगणक असावा, एक वजनकाट्याचा, एक जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला जोडलेला आणि एक अशा सहकाऱ्याचा, जो काही बिघडले की गप्प न बसता लगेच येऊन सांगतो. असा एक जण प्रत्येक कार्यालयात असतोच. त्याची तक्रारखोर म्हणून हेटाळणी करण्याऐवजी त्याला या कामी घ्यावे.

वेळेचा प्रश्नही पुस्तकातून सुटत नाही. संगणक रात्री ३ वाजता बंद होऊन पुन्हा सुरू व्हावेत, असे सर्व पुस्तकांत लिहिलेले असते. एका सळई कारखान्यात मीही तसेच करून ठेवले होते. औद्योगिक विजेला अनेक वर्षे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सवलत होती, त्यामुळे भट्ट्या रात्रीच जोरात चालत आणि भंगाराचे ट्रकही रात्रीच काट्यावर येत, हे माझ्या ध्यानातच आले नाही. बरोबर तीनच्या ठोक्याला काट्यावरचा संगणक बंद पडला आणि पडद्यावर टक्केवारीचा आकडा मुंगीच्या पावलाने सरकू लागला. बाहेर ट्रकांची रांग लागली. मी धावत पोहोचलो तेव्हा काट्यावर बसणारे वयस्क गृहस्थ एवढेच म्हणाले, “साहेब, तुमची रात्र म्हणजे आमचा दिवस. एकदा विचारायचं होतं.” तेव्हापासून कोणत्याही ठिकाणी वेळापत्रक लावण्यापूर्वी मी आधी काट्यावर आणि मग मालकाच्या केबिनमध्ये जातो.

बियाणे कंपन्यांचे गणित आणखी वेगळे. मृगाच्या तोंडावर त्यांच्या गोदामातून दिवसरात्र माल निघत असतो. मे-जूनमध्ये बिलाचा संगणक तासभर बंद राहणेही त्यांना परवडत नाही. त्यामुळे ‘हंगाम संपू द्या’ असे म्हणण्याकडे कल असतो. पण वॉनाक्राय मे महिन्यात आला होता आणि नॉटपेट्या जूनमध्ये. हंगामात मोठे बदल टाळावेत, नवी आवृत्ती बसवू नये, हे योग्यच आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र त्या काळातही जेवणाच्या सुटीत एकेका गटाने घेतल्या पाहिजेत.

आता हजेरीपटाकडे वळू. अपडेट पाठवले म्हणजे ते लागले असे नव्हे. एखाद्या संगणकाची डिस्क भरलेली असते, एखादा लॅपटॉप विक्री प्रतिनिधीबरोबर परतूर-मंठ्याकडे फिरत असतो, एखाद्याने अपडेट घेतलेले असते पण संगणक बंद करून पुन्हा सुरूच केलेला नसतो. केंद्रीय सर्व्हर प्रत्येकाकडून अहवाल मागतो आणि कोण मागे राहिला ते दाखवतो. धम्माच्या अभ्यासकांना येथे विनयपिटकातील उपोसथाचे नियम आठवावेत. संघाने प्रथम सीमा निश्चित करायची; त्या सीमेच्या आत असलेल्या प्रत्येक भिक्खूने पंधरवड्याच्या सभेला यायचे; जो आजारी असेल त्याने आपली पारिशुद्धी दुसऱ्या भिक्खूकरवी कळवायची; तेही शक्य नसेल तर त्याला मंचकासह सभेत आणायचे, किंवा संघाने त्याच्याकडे जायचे. अपुऱ्या संघाने उपोसथ करायचा नाही. तुलना फार ताणू नये, हे खरे. पण गैरहजर कोण आहे हे ठाऊक असल्याखेरीज सभा पूर्ण होत नाही, ही शिस्त संगणकांच्या व्यवस्थापकाला फार उपयोगी पडते. आपल्या जाळ्याची सीमाच अनेकांना सांगता येत नाही. मोजायला बसले की गोदामातला एक विसरलेला संगणक, हजेरीच्या यंत्राला जोडलेला दुसरा आणि मालकांच्या चिरंजीवांचा तिसरा, असे नेहमीच दोन-तीन जास्त निघतात.

डब्ल्यूएसयूएसविषयी एक सावधगिरी. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की, यात आता नवी भर पडणार नाही. ते चालू मात्र राहील. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर खुद्द याच सर्व्हरमध्ये अतिशय गंभीर फट आढळली आणि मंगळवारची वाट न पाहता तातडीची दुरुस्ती काढावी लागली. जो सर्वांना औषध देतो तोच आजारी पडला तर काय होईल, याची कल्पना करावी. तेव्हा हा सर्व्हर इंटरनेटवरून कोणालाही दिसता कामा नये आणि दुरुस्ती आधी त्याचीच व्हावी. मोठ्या कंपन्या आता इंट्यूनसारख्या सेवेतून इंटरनेटद्वारेच नियम पाठवतात; फिरतीवरच्या लॅपटॉपसाठी ते सोयीचे आहे.

दहा-पंधरा संगणकांच्या कार्यालयाला यातले काही विकत घेण्याची गरज नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत दर महिन्याचे अपडेट जास्तीत जास्त ३० दिवस लांबवण्याची सोय आहे. तीन संगणकांना शून्य दिवस, बाकीच्यांना सात दिवस, असे लावले की चाचणीचा गट आपोआप तयार होतो. ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ ही सुविधा स्थानिक जाळ्यापुरती चालू केली, तर एका संगणकाने उतरवलेले अपडेट शेजारी त्याच्याकडून घेतात. होम आवृत्तीत हे नियम बसवता येत नाहीत. म्हणून नवा संगणक घेताना थोडे पैसे वाचवण्यासाठी होम आवृत्ती घेऊ नये. या सर्वांबरोबर एक वही ठेवावी, प्रत्येक संगणकासाठी एक ओळ, आणि दुसऱ्या मंगळवारनंतरच्या आठवड्यात कोणीतरी एका जणाने सर्व संगणकांपुढे जाऊन तारीख लिहावी.

शेवटी आपल्या शाळेविषयी. कार्यालयातील संगणकांत मुलांची जन्मनोंद, आधार क्रमांक, जातीचे दाखले आणि शिष्यवृत्तीची खाती आहेत. हे कागद गोळा करताना पालकांनी तहसीलच्या किती फेऱ्या मारल्या असतील, ते पालकच जाणतात. अर्जाच्या अखेरच्या आठवड्यात ती माहिती कुलूपबंद झाली, तर एखाद्या मुलीचे वर्ष पणाला लागते.

माजी विद्यार्थी आपुलकीने आपल्या कंपनीतले जुने संगणक शाळेला मिळवून देतात. त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. ज्या संगणकांना कंपन्या निरोप देत आहेत, त्यांतील अनेक संगणक याच कारणाने बाहेर पडले आहेत. अशा संगणकांचे दोन मार्ग आहेत. शैक्षणिक संस्थांना मायक्रोसॉफ्ट विंडोज १० साठी सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी तीन वर्षे देते. प्रत्येक संगणकामागे पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर इतकाच खर्च येतो. कार्यालयातील संगणकांसाठी हा मार्ग ठीक. प्रयोगशाळेसाठी मात्र लिनक्स अधिक योग्य. केरळच्या शाळा ‘काइट’ या सरकारी संस्थेने उबंटूवरून तयार केलेली प्रणाली वापरतात. उबंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात, आणि प्रयोगशाळेतील एका संगणकाने त्या साठवून बाकीच्यांना देण्याची सोय विनामूल्य आहे. मराठी टंकलेखन, ब्राउझर आणि अभ्यासक्रमातील प्रोग्रॅमिंग यांची तेथे अडचण येत नाही.

तेव्हा पुढील वेळी संगणक देणाऱ्या मित्राने यंत्राबरोबर तीन गोष्टी लिहून द्याव्यात: प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे, कोणती आवृत्ती बसवलेली आहे आणि शेवटचे अपडेट कोणत्या तारखेचे आहे. वहीतील त्या संगणकाची पहिली ओळ त्यावरून लिहिता येईल.